तीन वेळा, दहा-दहा

माय,

आज उमापूरहून एक बाई आली होती दवाखान्यात. तू गेलीस तेव्हाच्या तुझ्या वयाची. सोबत सून. कंबर दीड वर्षापासून दुखतेय. गेल्या महिन्यात मुलानं मोबाइलवर व्यायामाचा व्हिडिओ लावून दिला आणि बाईंनी तो रोज दोन्ही वेळा, पहिल्यापासून शेवटपर्यंत, दम लागला तरी न थांबता केला. दहा दिवसांनी अशी उसण भरली की अंथरुणावरून उठायला सुनेचा हात लागला. "मॅडम, काय बी करा, पण व्यायाम सांगू नका. मला मानवतच न्हाई तो," असं ती बसायच्या आधीच म्हणाली. मी तिला तपासलं, पाय उचलून बघितले, मुंग्या येतात का, लघवीचा काही त्रास आहे का, सगळं विचारून घेतलं. घाबरण्यासारखं काही नव्हतं. मग तिची भीती जावी म्हणून मी नेहमीची गोष्ट सांगितली. कितीतरी वर्षं सांगत आलेय ती. माझ्या आईची कंबर दुखायची, मी तिला व्यायाम लिहून दिले, तिनं लवकर बरं व्हायच्या घाईत दुप्पट केले आणि कंबर धरून बसली. सून हसली, मग बाईही हसली आणि म्हणाली, "आमच्यासारखीच व्हती की मग तुमची माय."

घरी आले, चहा टाकला, आणि तिचं ते वाक्य डोक्यातून जाईना. तुझ्यावर हसणारी माणसं मी किती गोळा केली असतील ह्या गोष्टीनं. तू दुप्पट केलं नव्हतंस. हे तुला माहीत होतं, तुझ्याबरोबर शाळेत खिचडी शिजवणाऱ्या खालाला माहीत होतं आणि मला माहीत होतं. तुम्ही दोघी आता नाही. राहिले मी, आणि मीच रोज खोटं सांगते.

फिजिओथेरपी कॉलेजचं दुसरं वर्ष चालू होतं तेव्हा. दिवाळीच्या सुट्टीत मी सिरसाळ्याला आले आणि तू दारात उभी होतीस, एका हातानं चौकट धरून. मला वाटलं वाट बघतेयस. नंतर लक्षात आलं, चौकट न धरता तुला सरळ उभंच राहता येत नव्हतं. शाळेत खिचडी शिजवायचं काम तू घेतलं त्याला तेव्हा तीनेक वर्षं झाली असतील. डॉक्टरांना दाखवलं होतंस, त्यांनी फोटो काढून गोळ्या दिल्या, पट्टा दिला आणि सांगितलं, वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही. तू ते मला सांगताना हसत होतीस. "वाकायचं न्हाई म्हणतेत. मग दोनशे लेकरांची खिचडी काय उभ्यानं शिजती का?" कंबरेला चुना-गुळाचा लेप लावून वर फडकं बांधलं होतंस आणि पट्टा खुंटीला टांगला होतास, नवा, घडीही न मोडलेला.

मी काय खुशीत होते माय! पहिल्यांदाच मला काहीतरी येत होतं. पाठीच्या मणक्यांची चित्रं तोंडपाठ, स्नायूंची नावं तोंडपाठ. वहीचा मधला कागद फाडला आणि त्यावर चौदा व्यायाम काढले. तुला वाचायला वेळ लागतो म्हणून काड्यांची माणसं काढली. उताणं झोपून गुडघे छातीशी घेणारा, कंबर वर उचलणारा, पालथं झोपून छाती उचलणारा, हातापायांवर उभं राहून मांजरासारखी पाठ फुगवणारा. खाली मोठ्या अक्षरात लिहिलं: रोज तीन वेळा, प्रत्येक दहा-दहा. कागद चुलीच्या वरच्या फळीला खिळ्यानं ठोकला. तू त्या मांजराकडं बराच वेळ बघितलंस. "हे मेलं मांजर कावून व्हायचं गं? कुणी बघितलं तर म्हणंल, शाळेतल्या बाईला लागिर झालं." मी तुला वाकळीवर झोपवून एकेक करून दाखवला. तुझे पाय मी पहिल्यांदा तेव्हा हातात घेतले. टाचांना भेगा, पोटऱ्या दगडासारख्या. तू डोळे मिटून पडून होतीस आणि मधेच म्हणालीस, "असं कुणी हात लावून विचारलंच न्हाई बग आजवर, कुठं दुखतं म्हणून."

तुला मोजायची फार काळजी. आकडा चुकू नये म्हणून तू चिंचोके घेतलेस. दहा चिंचोके डावीकडं, एक झाला की एक उजवीकडं. चौदा व्यायाम, प्रत्येकी दहा, दिवसातून तीनदा. चारशे वीस होतात. आकडासुद्धा कसला निघाला बघ. हा गुणाकार मी तेव्हा केलाच नव्हता. तो कागद मी ज्या टिपणांवरून उतरवला ती मैदानात खेळणाऱ्या मुलांसाठी होती, हेही मी नीट वाचलं नव्हतं. व्यायाम चांगला, तर जास्त व्यायाम जास्त चांगला, इतकाच माझा हिशोब.

सुट्टी संपली, मी गेले. शेजारच्यांच्या फोनवर आठवड्यातून एकदा बोलायचो. "करतेस ना?" "करते की." "तिन्ही वेळा?" "तिन्ही येळा." "फरक पडला का?" "पडंल की. औषध हाय म्हणल्यावर."

संक्रांत झाली, आणि त्यानंतर कधीतरी एका सकाळी शाळेत भगुनं चुलीवरून उतरवताना तुझी कंबर अशी भरली की तू वाकलेलीच राहिलीस. भगुन्याची एक कड तुझ्या हातात, दुसरी खालाच्या. खालानं ओरडून गुरुजींना बोलावलं, त्यांनी तुझ्या हातातली कड धरली. सांडलेली खिचडी तुझ्या पावलावर पडली होती. तुला दोघांनी हाताला धरून घरी आणलं. संध्याकाळी मोठे गुरुजी घरी आले, चांगलं बोलले, पण जाताना म्हणाले, "बाई, झेपत नसलं तर सांगा. दुसरी बाई बघावी लागंल. लेकरं उपाशी ठेवता येत न्हाईत." ते काम गेलं असतं तर आपल्या दोघींचं काय झालं असतं, हे तुला सांगायला नको. मी पाच वर्षांची असताना वडील गेले, तेव्हापासून तुझ्याच दोन हातांवर घर होतं. खालानं बारा दिवस एकटीनं दोनशे पोरांची खिचडी केली आणि विचारणाऱ्याला सांगितलं, "दोन-चार रोजात येतीच हाय ती." तू मला काहीच कळवलं नाहीस. माझी परीक्षा होती.

परीक्षा झाली आणि मी न सांगता आले. तू भिंतीकडं तोंड करून पडलेली. खाला उशाशी बसून तुझ्या पायाला मलम लावत होती. मला आधी भीती वाटली, आणि भीतीचा राग कसा होतो ते मला अजून कळत नाही, पण झाला. तू उठायची धडपड करत होतीस आणि मी तुझ्यावर ओरडत होते. "किती वेळा केलंस? सांगितलं तेवढं करायला काय होतं तुला? नक्की दुप्पट केलं असशील. तुला लवकर बरं व्हायची घाई. अडाण्यासारखं वागायचं आणि मग पडून राहायचं!"

अडाणी म्हणाले मी तुला. खालाच्या समोर.

तू माझ्याकडं बघितलंस. मग खालाकडं. खाला काहीतरी बोलणार होती, तर तू तिच्या हातावर हात ठेवलास आणि मला म्हणालीस, "हां गं. माझंच चुकलं. लवकर बरं व्हावं म्हणून जास्तीचं केलं." बास. मी त्यावर विश्वास ठेवला, कारण मला तेच हवं होतं. कॉलेजात परत गेले आणि मैत्रिणींना तीच गोष्ट हसत हसत सांगितली.

आमच्या एक मॅडम होत्या, फार कमी बोलायच्या. त्या मागून जाताना थांबल्या. "तुझी आई काय काम करते?" मी सांगितलं, शाळेत खिचडी शिजवते. "म्हणजे नेमकं काय करते? दिवसभरात किती वेळा वाकते? किती उचलते? बसते कधी?" मी म्हणाले, कधी बघितलं नाही. त्या मला रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "मग तू माप कशावरून ठरवलंस? एक दिवस जाऊन तिच्याजवळ बस."

पुढच्या शनिवार-रविवारला जोडून मी सोमवारची रजा काढली आणि तुझ्याबरोबर शाळेत आले. तू पुन्हा कामाला लागली होतीस, पट्टा लावून, दात आवळून. तो दिवस मला अजून दिसतो. पत्र्याची ती शेड, धुरानं काळी झालेली. मी तांदळाच्या पोत्यावर बसलेय आणि तू हापशावर आहेस. एक घागर भरतेस, कमरेवर घेतेस, तीस पावलं चालतेस, ड्रममध्ये ओततेस, परत जातेस. मग सरपण. मग तांदूळ निवडणं, पाय पसरून, पाठ वाकवून. मग डाळ धुणं. मग चुलीपुढं उभं राहून ओणवं होत त्या लांब दांड्याच्या झाऱ्यानं ढवळणं, खालून लागू नये म्हणून थांबताही येत नाही. मी वही घेऊन बसले होते, प्रत्येक वाकण्याला एक रेघ. लेकरांची रांग लागली तोवर दोन पानं भरली होती आणि अजून वाढायचं राहिलं होतं. प्रत्येक ताटलीला तू वाकतेस, वाढतेस, सरळ होतेस. मी रेघा मारायच्या सोडून दिल्या. एवढ्या सगळ्यावर मी तुला आणखी चारशे वीस दिले होते. त्यातले दुपारचे तू कुठं करायचीस, तेही मला तेव्हाच कळलं. धान्याच्या खोलीत, दोन पोत्यांच्या मधे, रिकामं बारदान अंथरून.

हे मला खालानं सांगितलं, भांडी घासताना. तू ड्रम झाकायला गेली होतीस. मी म्हणाले, "खाला, मग तुम्ही तिला दुप्पट करू कशाला दिलं?" खालाचा हात राखेत थांबला. "दुप्पट? कोण म्हणलं?"

"तीच म्हणाली."

"बेटा, मी रोज बघायची तिला. चिंचोके मोजून करायची ती. एक जास्ती न्हाई, एक कमी न्हाई. दुखून डोळ्याला पाणी यायचं तरी दहा म्हंजे दहा. मी म्हणायची, सोड आज. तर म्हणायची, लेकीनं लिहून दिलंय."

"मग माझ्याशी खोटं कावून बोलली?"

खाला पुन्हा भगुनं घासायला लागली. "तुझी माय हाय ती. मला म्हणली, लेकीनं पैल्यांदाच कुणाला औषध दिलंय, ते उलटं पडलं म्हणून कळलं तर पोरीचा हात कायमचा बिचकंल. तिला डाक्टरीन व्हायचंय."

तू परत आलीस, पदरानं हात पुसत. "काय चाललंय दोघींचं?" खाला म्हणाली, "काई न्हाई, तुझ्या लेकीला भांडी घासायला शिकवायलेय." आणि मी हसले. तेव्हा बोलायला हवं होतं. संध्याकाळी घरी जाताना रस्त्यात बोलायला हवं होतं. आपण दोघी शेताच्या कडेनं चाललो होतो, तू मधेच थांबून पाठीवर हात ठेवायचीस, मी थांबायचे, आणि माझ्या ओठांवर आलेलं मी गिळायचे. घरी गेल्यावर मी फळीवरचा कागद काढला आणि फक्त म्हणाले, "हे जुनं झालं. आता नवीन शिकलोय, ते करायचं."

नव्या कागदावर तीनच काड्यांची माणसं होती. प्रत्येक पाच वेळा. एक दिवस करायचं, एक दिवस सोडायचं. सोडलेल्या दिवशी शाळा सुटल्यावर पार ओढ्यापर्यंत चालून यायचं, रिकाम्या हातानं. तू कागद उलटा करून मागं बघितलास. "एवढंच? एवढ्यानं काय व्हतंय? लेकराला चाटण देतेत तसं दिलंय." मी म्हणाले, दुखलं तर दोन दिवस तेवढ्यावरच राहायचं, नाही दुखलं तर पुढच्या आठवड्यात एकेक वाढवायचा, आणि वाढवायचा की नाही ते तू ठरवायचं, मी नाही. हे मॅडमनी मला शिकवलं होतं. आज पुस्तकांत, नवनव्या अभ्यासांत फिरून फिरून तेच वाचते. व्यायाम अगदी थोडा केला तर कंबरेला पत्ता लागत नाही. एका हद्दीपुढं नेला तर जास्तीचं फळ मिळतंच असं नाही. ती हद्द प्रत्येकाची वेगळी, आणि चार दिवस जोरात करण्यापेक्षा कितीतरी आठवडे टिकून केलेलं कामी येतं. पण मला ते पुस्तकातून नाही कळलं. खालाच्या राखेनं भरलेल्या हातावरून कळलं.

लगेच काही झालं नाही. तिसऱ्या आठवड्यात तू फोनवर म्हणालीस, "हाय तसंच हाय." चौथ्यातही. मधे गुरुजींना मी चिठ्ठी लिहिली, चूल उंच करा आणि पाणी जवळ आणा म्हणून, आणि त्यांनी शेडमध्ये विटांचा गुडघ्याएवढा ओटा बांधून घेतला, चूल त्यावर आली. ड्रम हापशाजवळ सरकला. पोषण आहाराचं काम असंच असतं, असं समजून सगळे इतकी वर्षं वाकत होते. कुणाला सुचलं नव्हतं इतकंच. सातव्या-आठव्या आठवड्यात खालाचाच फोन आला. "बेटा, तुझी माय आज खाली बसून जेवली आन् भिंतीला हात न लावता उठली. मी बघितलं." मी वसतिगृहाच्या जिन्यात होते. तिथंच पायरीवर बसले.

मी पास झाले, बीडला एक खोली भाड्यानं घेऊन दवाखाना सुरू केला, तेव्हा तू बसनं आलीस, डोक्यावर गाठोडं. त्यात वाकळ होती. तुझ्या जुन्या लुगड्यांची, बारीक टाक्यांची, लांबरुंद. "पेशंटला फरशी टोचंल. खाटंवर व्यायाम व्हत न्हाई, तूच म्हणतीस." किती दिवस बसून शिवलीस ते विचारलं तर म्हणालीस, "रोज अर्धा घंटा. जास्त न्हाई. तुझं माप हाय ना मला ठाऊक." आपण दोघी हसलो. तेव्हाही मी बोलू शकले असते.

त्यानंतरची चार वर्षं तुझी कंबर बरी होती. पूर्ण कधीच नाही. थंडीत आवळायची, लग्नाच्या घरी दोन दिवस उभं राहिलीस की धरायची. पण काम सुटलं नाही. दर महिन्याला यायचीस, बाकावर पेशंटांच्या रांगेत बसायचीस, आणि शेजारच्या बाईला सांगायचीस, "डाक्टरीन माझी लेक हाय. मला बरं केलं तिनं. मीच आधी येड्यागत जास्ती केलतं." पडद्याआड मला ऐकू यायचं. मी कामात असल्यासारखं करायचे.

शेवटच्या वर्षी तू मागं लागली होतीस, आता वाढव म्हणून. तीन व्यायामांचे पाच झाले होते, पाच वेळांचे आठ, आणि तिथं मी थांबले होते. "आगं, आता काईच लागत न्हाई मला ह्यात. दहा कर, पंधरा कर. वजन घेऊन कर म्हण." मी म्हणायचे, आहे तेवढंच पुरे. नागपंचमी जवळ आली होती. तू सहज विचारल्यासारखं विचारलंस, "फुगडी खेळता यील का गं मला? एकच. खालासंगं." लग्नाआधी तू फुगडीत कुणाला हार जायची नाहीस, हे मावशीकडून ऐकलेलं. मी हातातलं काम न थांबवता म्हणाले, "वेड लागलंय का तुला? ह्या वयात? पुन्हा पडून राहायचंय?" तू म्हणालीस, "न्हाई, न्हाई. आपलं विचारलं." त्या पंचमीला मी सिरसाळ्यात होते. लिंबाखाली बायका खेळत होत्या, खाला तुला हात देत होती, आणि तू माझ्याकडं एकदा बघून मान हलवलीस आणि दगडावर बसून राहिलीस. टाळ्या वाजवत होतीस. त्याच वर्षी थंडीत तुझ्या छातीत कळ आली आणि परळीला नेईपर्यंत तू गेलीस. कंबरेचा काही संबंध नव्हता.

हे पत्र मी कुणाला पाठवणार? आपल्या घरात आता दुसरी माणसं राहतात. बीडच्या पोस्टात टाकलं तर पोस्टमन मलाच आणून देईल. उद्यापासून पेशंटांना खरी गोष्ट सांगायची असं ठरवलंय, जमेल तसं. पण फुगडीची गोष्ट मी कुणाला सांगणार नाही, ती फक्त तुला. तुझी कंबर तेव्हा चांगली होती माय. मी तुला दर महिन्याला तपासत होते, मला माहीत होतं. जून-जुलैत थोडं थोडं वाढवलं असतं तर पंचमीला एक फुगडी तुला सहज झाली असती. मला तुझ्या दुखण्याची भीती नव्हती. पुन्हा माझं माप चुकेल आणि ह्या खेपेला तू ते अंगावर घेणार नाहीस, ह्याची भीती होती.